शेरा

सात प्रगतिपुस्तकं आहेत माझ्याकडे,
मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली.
सातही वर्षं एकच शेरा:
‘प्रगती समाधानकारक. शाळेत रमतो.’
अक्षरही तेच.
फक्त पाचव्या पुस्तकात
‘समाधान’मधला एक काना द्यायचा राहिलाय.

रमतो, हे खोटं नाही.
बिबवेवाडीच्या गाडीचा हॉर्न वाजला
की सुमेध उलट्या चपला घालून जिना उतरतो.
मणी ओवतो. पाकिटं चिकटवतो.
दिवाळीआधी पणत्या रंगवतो,
तेव्हा पाहुणे येतात, शाल-नारळ होतो,
एक बाई दरवर्षी म्हणतात, देवाघरची फुलं ही,
आणि डझनभर पणत्या घेऊन कोथरूडला जातात.

फुलांना कोण गृहपाठ देतं?

मीही कधी विचारलं नाही.
तीन वर्षं वेटिंगवर होतो आम्ही.
घेतलंय हेच खूप, असं हे म्हणायचे,
आणि मी रोज दात घासावेत तसं
ते मनात घासून घ्यायची.
पालकसभेत चहा चांगला असतो.
आम्ही तो पितो
आणि एकमेकांच्या मुलांची उंची वाढली म्हणतो.

माझा गाळा पद्मावतीला, जिन्याखाली.
फॉल, पिको, ब्लाउज.
मापाचा ब्लाउज आणला असला
तरी मी बाईला उभी करून टेप लावते.
मागच्या वर्षीचं अंग या वर्षी नसतं.

यंदा तांबोळी टीचर आल्या.
जूनमध्येच त्यांनी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं.
विसाची नोट देऊन त्याने पेन्सिल घेतली
आणि बाकीचे पैसे तिथेच ठेवून हसत परत आला.
दुकानदारही हसला.
टीचर हसल्या नाहीत. परत पाठवलं.
पुन्हा. पुन्हा.
त्या आठवड्यात तो घरी येऊन रडायचा, मणी मागायचा.
मी भांडायला गेले होते शाळेत, खरं सांगते.

दिवाळीच्या सुट्टीआधी आठवं पुस्तक आलं.
निळं पेन, तिरकं अक्षर, समासातसुद्धा लिहिलेलं:

‘दहा आणि वीसची नोट ओळखतो, पन्नासची नाही.
उरलेले पैसे मागत नाही;
मागायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
मणी बंद केलेत, ते त्याला केव्हाच येतात.
घड्याळ मला शिकवता आलं नाही. माझी पद्धत चुकली.
जानेवारीत दुसरी करून बघते.
उजव्या कानाने कमी ऐकू येत असावं. तपासून घ्या.’

मशीनवर कुणाचा तरी शालू होता.
पाय थांबला.
नाही, नाही, चुकली.
इतकं वाईट पुस्तक या घरात कधी आलं नव्हतं.
यांना वाचून दाखवलं,
तर म्हणाले, मग शाळा बदलायची का?

रात्री सुमेधच्या उजवीकडून हळूच हाक मारली.
तो पंख्याकडे बघत राहिला.
डावीकडे जाऊन तेवढीच हळू मारली.
वळला. हसला.

त्याच्या जन्मापासून मी उजव्या बाजूला झोपते.
तिथूनच सांगितल्यात सगळ्या गोष्टी,
कुजबुजत, दिवा मालवल्यावर.

काल त्याला दुधाला पाठवलं,
विसाच्या दोन नोटा देऊन.
पाव तास झाला, अर्धा झाला.
मग डेअरीवाल्याचा फोन:
ताई, घेऊन जा याला, हलत नाही.
चार रुपये सुट्टे नाहीत म्हणून
चॉकलेटं दिली दोन, तर घेत नाही.
हात पुढे करून उभा आहे नुसता,
मागे रांग लागलीय.

आलेच, म्हटलं.
आणि हातातलं हुक
सावकाश, दुहेरी दोऱ्याने,
पुरतं शिवून मग उठले.